चारचा चहा: इमारतीत कसा सुरू करायचा आणि कसा टिकवायचा

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, की या इमारतीत बावीस वर्षं राहूनही समोरच्या बिऱ्हाडाशी माझं बोलणं तीन वाक्यांपलीकडे गेलेलं नाही. 'पाणी आलं का?', 'लिफ्ट बंद दिसतेय' आणि दिवाळीत 'या हं फराळाला'. त्या फराळाला ना कधी ते आले, ना आम्ही गेलो. डोंबिवलीकराला याचं कारण समजावून सांगायला नको. पहाटे उठून लोकल गाठायची, रात्री पाय ओढत परत यायचं, आणि रविवारी झोप भरून काढायची.

म्हणून मी रविवारी चार वाजता सगळ्यांना चहाला बोलवायचं ठरवलं. नोटीस बोर्डावर कागद लावला. बारा बिऱ्हाडांतली चोवीस माणसं आली. बटाटेवडे, चटणी, शिरा, वर चहा. बायको सकाळी दहापासून ओट्याशी उभी होती. सगळे खूश झाले, फोटो निघाले, 'आता दर रविवारी करायचं' असं ठरलं. पुढचा रविवार कोणाकडे, असं विचारल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सहा आठवडे कोणी नाव काढलं नाही. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात गाठून सांगितलं, "भाऊजी, तुमच्याकडे वडे झाले. आता आम्ही नुसता चहा कोणत्या तोंडाने द्यायचा?"

माझा सगळा घोळ त्या एका वाक्यात होता. चहाला बोलवायचं तर चहालाच बोलवावं. त्यानंतर आम्ही पुन्हा सुरुवात केली ती पार खाली येऊन: पाऊण तास, अर्धा-अर्धा कप, आणि सोबत एकच कोरडी वस्तू. त्याला आता चार वर्षं झाली. चुका करत जे शिकलो ते पुढे मांडतोय. तुमची इमारत, चाळ, वाडी, ऑफिस जे असेल त्याप्रमाणे फेरफार करा.

वेळ चारचीच का

दुपारचं जेवण एकच्या सुमाराला होतं, रात्रीचं नऊला. मधली पोकळी चारच्या आसपास जाणवायला लागते. वामकुक्षी झालेली असते, संध्याकाळची धावपळ सुरू व्हायची असते. यजमानाला जेवण घालायचं ओझं नसतं आणि पाहुणाही उपाशी आलेला नसतो. इंग्लंडातल्या दुपारच्या चहाची सुरुवातही अशाच पोकळीतून झाली, असं सांगतात. १८४० च्या दशकात तिथल्या खानदानी घरांत रात्रीचं जेवण आठपर्यंत पुढे सरकलं होतं. बेडफर्डची डचेस ॲना रसेल हिला मधल्या वेळी गळून गेल्यासारखं व्हायचं, म्हणून ती खोलीतच चहा आणि पाव-लोणी मागवायला लागली, मग मैत्रिणींनाही बोलवायला लागली. पुढे त्याचा थाट वाढत गेला, पण मूळ कारण पोटातली खळगीच. जाता जाता एक: आपल्याकडे समारंभाच्या पत्रिकेवर ऐटीत 'हाय टी' छापतात. इंग्लंडात हाय टी म्हणजे कामगार माणसाचं संध्याकाळचं पोटभर जेवण, तेही मांसाबिंसासकट. त्यात उच्च असं काही नाही.

चारला आणखी दोन सोयी आहेत. चहातल्या तुरट द्रव्यांमुळे पालेभाजी, डाळी यांतलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून चहा जेवणाला चिकटून घेऊ नये. तासाभराचं अंतर हवं, आणि ते चारला आपोआप मिळतं. दुसरं म्हणजे चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सहा-सातला चहा घेऊन रात्री कूस बदलत बसणारे आमच्याकडे तिघं होते, चारच्या चहाने त्यांची तक्रार राहिली नाही.

वार ठरलेला असावा. दर रविवारी नको, एक आड एक पुरे. रोजचा म्हटला की त्याची ड्यूटी होते.

बोलावणं दारात जाऊन

ग्रुपवर टाकलेलं बोलावणं कोणालाच नसतं. अंगठे येतात, माणसं येत नाहीत. शनिवारी संध्याकाळी बेल वाजवा, दारातच उभं राहा आणि तीन गोष्टी सांगा: कधी, किती वेळ आणि खायला काय. आमचं वाक्य ठरलेलं आहे: "उद्या चारला चहा. पावणेपाचला मोकळे. सोबत नुसती खारी."

संपायची वेळ आधी सांगणं उद्धटपणाचं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण 'एकदा बसलो की उठता येणार नाही' याच धास्तीने निम्मे लोक टाळतात, हे नंतर कळलं. आणि खाणं सांगून टाकल्याने पुढच्या यजमानाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. खारी, टोस्ट, नानकटाई, घरचा चिवडा, काही नसलं तर पार्ले-जी. एकच वस्तू. दोन ठेवल्या की तिसऱ्याकडे तीन होतात आणि चौथ्याकडे पुन्हा बटाटेवडे.

माणसं सहा ते आठ. त्याहून जास्त झाली की एका खोलीत दोन गप्पा सुरू होतात आणि कोपऱ्यातला माणूस दोन्हींत नसतो. बारा बिऱ्हाडं असतील तर आळीपाळीने बोलवा. यावेळी राहिलेल्यांना पुढच्या वेळी आधी.

आता प्रत्यक्ष चहा

आठ जणांसाठी, साधारण सव्वाशे मिलीचा कप धरून: पाणी ७०० मिली, दूध ४०० मिली, मामरी म्हणजे गोळीदार चहा पावडर आठ सपाट चमचे. ही गोळीदार पावडर तयार करायचं यंत्र १९३० च्या दशकात आसामात आलं. थोडक्या पावडरीत दाट रंग देणारा हा स्वस्त चहा पुढे देशभर गेला नसता, तर माझ्या आजीच्या घरात चहा शिरलाच नसता. तिच्या लेखी चहा म्हणजे शहरातून आलेली खोड होती. पुढे तिला त्याच्याशिवाय डोळे उघडेनात, ती गोष्ट वेगळी.

आधण ठेवा. आलं इंचभर, खलबत्त्यात ठेचून पाण्यातच घाला. दूध घातल्यावर कच्चं आलं टाकू नका. आल्यात दूध फाडणारं विकर असतं, ते पाण्यात उकळलं की निकामी होतं. आधी बसल्याजागी दोनदा दूध फाटलंय माझं, पाहुणे बाहेर बसलेले असताना. गवती चहाची दोन पाती असली तर गाठ मारून सोडा, म्हणजे गाळताना गाळणीत अडकत नाहीत. दोन मिनिटं उकळलं की पावडर, मग मिनिटभराने तापवलेलं दूध. एक कढ आला की आच कमी, दुसरा कढ आला की बंद. झाकण ठेवून दोन मिनिटं मुरू द्या. रटारटा उकळत ठेवलेला चहा रंगाला दाट दिसतो, पण जिभेला तुरट लागतो. गुळाचा करायचा असेल तर गूळ खाली उतरवल्यावर घाला, नाहीतर पुन्हा तेच, दूध फाटणार.

साखरेवरून आमच्याकडे वाद झाला. मी म्हणालो, साखर वेगळी ठेवू, ज्याची त्याने घ्यावी. बायको म्हणाली, साखर चहाबरोबर उकळल्याशिवाय तो चहा नव्हे. ती बरोबर आहे. शेवटी दोन पातेली ठेवली: मोठ्यात साखरेचा, छोट्यात बिनसाखरेचा. मधुमेहाचे चार जण निघाले, ते आम्हाला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. ट्रेमध्ये कोणता कप कोणाचा हे ओळखायला बिनसाखरेच्या बशीत चमचा ठेवतो. 'तुम्हाला शुगर आहे ना?' असं आठ जणांत मोठ्याने विचारावं लागत नाही.

कप काठोकाठ भरू नका, बोटभर खाली ठेवा. बशीत सांडलेला चहा म्हणजे कपाच्या बुडाला थेंब, आणि तो थेंब पाहुण्याच्या शर्टावर. देताना कपाचा कान घेणाऱ्याच्या उजव्या हाताकडे वळवा. डावखुरा असेल तर डावीकडे. हे ज्याला आठवणीने जमतं त्याला बाकीचे शिष्टाचार शिकवायची गरज नाही.

आणि चहा करायचा कोणी? आमचा नियम: ज्याच्या घरी चहा, त्या घरातल्या पुरुषाने. बायका बाहेर बसतात. पहिले काही रविवार आतून 'पावडर कुठाय?' अशा हाका येत होत्या आणि बाहेरच्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या. एकाने पावडरीऐवजी काळी मोहरी टाकली, तो प्रसंग इमारतीत अजून निघतो. पण त्या हसण्यातच पहिल्यांदा या बायका एकमेकींशी निवांत बसून बोलल्या. इतकी वर्षं त्या एकमेकींच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच भेटत होत्या.

'नको' कसं ऐकायचं

मराठी माणसाचा पहिला नको हा नको नसतो. 'नको, आत्ताच झाला' हे म्हणायचंच असतं, ती रीत आहे. म्हणून 'चहा घेणार का?' हा प्रश्नच विचारू नये. त्याला 'नको' हेच उत्तर येतं, आणि पुण्याच्या माणसावर सगळ्यांनी केलेला 'चहा घेऊनच आला असाल' हा विनोद त्या प्रश्नापासून फार लांब नाही. 'टाकलाय चहा, साखरेचा की बिनसाखरेचा?' असं विचारा. माणसाला हो म्हणण्याचा लाजिरवाणेपणा उरत नाही, निवड तेवढी करायची असते.

तरी नको म्हणाला तर दुसऱ्यांदा: 'अर्धा कप?' बहुतेकांचा हो इथे येतो. विदर्भातल्या माझ्या साडूंना दुसरी विचारणा झाली नाही तर ते मनाला लावून घेतात. तिसऱ्यांदा मात्र विचारू नका. दोनदा नाही म्हटलेल्या माणसाला ॲसिडिटी असेल, डॉक्टरांनी बंद केला असेल, नाहीतर तो खरंच चहा पीत नसेल. त्याला कोकम सरबत द्या आणि 'चहा पीत नाही म्हणजे काय!' हे नाटक करू नका. आग्रहाची आपल्याला फार हौस. ताटात वाढून मोकळे होतो आणि मग त्यालाच प्रेम म्हणतो.

पाहुण्यानेही थोडं सांभाळावं. घेतलेला कप अर्धा टाकून उठू नये. चहा बिघडला असेल तर बोलू नये. आणि आवडला असेल तर कौतुक करण्यापेक्षा आणखी घोटभर मागावा.

बशीत ओतून पिणाऱ्याकडे टक लावून बघणं हा बशीत पिण्यापेक्षा मोठा असभ्यपणा आहे. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, वय ८४, बशीत ओततात, फुंकर घालतात आणि मोठ्याने भुरका मारतात. पहिल्यांदा आयटीतल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मी माझा चहा बशीत ओतला. मला तसा येत नाही, निम्मा मनगटावरून कोपरापर्यंत गेला. आजोबा म्हणाले, "बशी अशी धरतात होय? तीन बोटांवर घे." त्या दिवशी आठांपैकी सहा जण बशीत चहा प्यायला शिकले.

कप सगळ्यांना सारखा

इथे जरा थांबतो, कारण आपल्या मुलखात कपबशीला इतिहास आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली. तिथे चहा-बिस्किटं आली. कोणी घेतला, कोणी नुसता हातात धरला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रातून बाहेर काढली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. ख्रिस्त्याच्या हातचा चहा घेतला म्हणून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवर बोट ठेवलं गेलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपाने शहर दुभंगलं होतं.

हे वाचून हसू येतं. मला मात्र १९७० च्या आसपासचं माझं गाव आठवतं. एस. टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात काही कपबश्या आत फळीवर असायच्या आणि दोन-तीन बाहेरच्या कोनाड्यात. बाहेरच्या कपात कोण पितात आणि पिऊन झाल्यावर तो कप स्वतःच विसळून का ठेवतात, हे मी वडिलांना विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० सालीच बंद केली होती. कोनाडा तिथेच होता.

आणि हे गावातल्या हॉटेलातच होतं असं म्हणायची सोय माझी नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दुपारी चारला भांड्यांना येतात. त्यांना आम्ही रोज चहा देत होतो, आलं घालून, मनापासून. एका वेगळ्या कपात. कान तुटलेला, निळ्या रेघेचा. कोणी ठरवून केलं नव्हतं. चांगले कप शोकेसमध्ये, रोजचे फडताळात आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर, इतकंच. आपल्या हातून जे होतं ते असं 'इतकंच' होतं.

दुसऱ्या खेपेच्या चहाला मी मावशींना म्हणालो, आज बाहेर बसा आमच्याबरोबर. त्या ओट्यापाशी गेल्या, कट्ट्यावर हात फिरवला आणि बायकोला म्हणाल्या, "वहिनी, माझा कप दिसंना." बायकोने तो आदल्या दिवशीच माळ्यावर टाकला होता. ती म्हणाली, "फुटला." दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मावशींना कळलं होतं, बायकोला कळलं होतं की मावशींना कळलंय. मग मावशींनी ट्रेमधला फुलांचा कप उचलला, दोन्ही हातांनी. त्या दिवशी त्या उभ्यानेच प्यायल्या. चौथ्या खेपेला बसल्या.

तर कृती अशी: एकाच नक्षीचे बारा कप आणा, साधे, महाग नकोत, फुटला तर कोणाचा जीव हळहळू नये असे. शोकेसमधले पाहुण्यांचे आणि फडताळातले घरचे हा भेद आधी मोडा, मग तिसरा मोडणं सोपं जातं. वॉचमन, कचरा नेणारा, इस्त्रीवाला यांना बोलवायचं तर खुर्चीसकट बोलवा. दारात उभं करून हातात कप देणं म्हणजे चहा दिला, बोलावलं नाही. आमचे वॉचमन काका आत यायला तयार होईनात, 'गेट सोडून कसा येऊ' म्हणायचे. ते खरंही होतं. मग आम्ही एकेक जण दहा-दहा मिनिटं गेटवर जाऊन बसलो. त्यांना चहाला सोडायला म्हणून बँकेतले एक साहेब पहिल्यांदा गेटवर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने 'ए, गेट उघड' म्हटलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आता ते वॉचमनला 'काका' म्हणतात. मी काही बोललो नव्हतो.

एक खबरदारी. मावशींना चहाला बसवून नंतर सगळ्यांच्या कपबश्या त्यांनाच विसळायला लावल्या तर काय उपयोग? आमच्याकडे प्रत्येक जण स्वतःचा कप स्वतः विसळतो. यजमान 'राहू द्या हो' म्हणतो, पाहुणा ऐकत नाही, आणि सिंकपाशी जी रांग लागते तिथे बाहेरच्यापेक्षा चांगल्या गप्पा होतात.

बोलायचं काय, आणि काय नाही

फोन चपलांच्या स्टँडवर, टीव्ही बंद. यजमानाचा आधी.

सोसायटीचे विषय चालणार नाहीत. मेंटेनन्स, पार्किंग, वरच्या मजल्याची गळती. पार्किंग निघालं की चहाचं अधिवेशन होतं. आपल्याकडे विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकार विरोधकांना चहापानाला बोलावतं आणि विरोधक बहुतेक वेळा बहिष्कार टाकतात. बाकावर कोणी का असेना, प्रथा चालू आहे. राज्याला परवडतं, बारा बिऱ्हाडांना नाही.

दुसरी यादी वैयक्तिक प्रश्नांची. लग्नाचं काय ठरलं, 'गोड बातमी' कधी, पगार किती, वजन वाढलं का. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी सुरुवातीला चहाला यायचीच नाही. तिच्या आईने सांगितलं, 'सगळे तेच विचारतात.' ते 'सगळे' म्हणजे आम्हीच होतो.

मग विचारायचं काय? मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न: 'तुमच्या घरी चहा कसा करायचे?' एकाला आईचा चुलीवरचा धुरकट चहा आठवतो. कोकणातल्या काकू दुधाचा तुटवडा होता तेव्हाच्या कोऱ्या 'च्या'बद्दल सांगतात. चौथ्या मजल्यावरचं तमिळ कुटुंब हसून म्हणालं, आमच्याकडे चहा नाहीच, कॉफी. पुढच्या वेळी त्यांच्याकडे पितळी डबऱ्यात, म्हणजे काठाच्या खोलगट वाटीत, उंचावरून ओतलेली फिल्टर कॉफी झाली. तेवढ्या एका रविवारी 'चहा' म्हणून कॉफी चालवून घेतली.

गप्प बसणाऱ्याला बोलतं करायच्या मागे लागू नका. त्याला काम द्या. बशा मांडायला, गाळायला, खारी फिरवायला. हातात काही असलं की माणूस मोकळा होतो. अखंड बोलणाऱ्यालाही खारीचीच बशी द्या. तोंडात खारी असताना बोलता येत नाही, बोललं तर पापुद्रे शर्टावर पडतात.

मुलांना ट्रे द्या

समोरच्यांचा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला मोठ्यांत बसायचा कंटाळा, म्हणून त्याच्या हातात ट्रे दिला. तीनच कप, अर्धे भरलेले, आणि चहा दहा मिनिटं निवलेला, पोळू नये म्हणून. ओठ आवळून, नजर कपांवर खिळवून तो एकेक पाऊल टाकत आला. आजोबांसमोर थांबला आणि काय म्हणायचं ते विसरला. आजोबाही घाईने कप उचलेनात. अर्ध्या मिनिटाने पोरगा म्हणाला, "घ्या ना." आजोबा म्हणाले, "तू म्हणेपर्यंत कसा घेऊ?"

मुलाला त्या दिवशी चहा मिळाला नाही, दूध मिळालं. पण तो आता दर वेळी साडेतीनला येऊन ट्रे पुसतो.

उठायचं कसं

पावणेपाचला यजमानाने उठावं, पाहुण्याने नाही. 'बसा हो, काय घाई आहे' हे वाक्य आम्ही बंद केलं आहे. 'चला, दिवेलागणीची वेळ होईल' एवढं म्हणून कप उचलायचे. दारात पुन्हा गप्पा सुरू होतात, आणि निम्म्या महत्त्वाच्या गोष्टी तिथेच कळतात. कोणाच्या वडिलांची बायपास आहे, कोणाची नोकरी गेली. ती पाच मिनिटं हिशेबात धरू नका.

निघताना 'येतो' म्हणायचं, 'जातो' नाही. हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं. आयटीतली पोरं 'बाय' म्हणायची. आता तीही 'येतो काका' म्हणतात, आणि येतात.

एखादा यायचा बंद झाला तर

गणपती, परीक्षा, मे महिना, असे खंड पडतात. ते पडू द्या. पण एकच माणूस लागोपाठ दोन वेळा आला नाही तर विचारायला जा. कोणाच्या घरी दुःख झालं असेल तर तुम्हीच चहा करून न्या. चूल पेटत नाही त्या दिवसांत शेजारच्या थर्मासमधला चहा किती लागतो, ते ज्याने अनुभवलंय त्याला माहीत आहे.

यंदा पावसाळ्यात आजोबा यायचे थांबले. गुडघे म्हणाले, मग कान म्हणाले, आठ जण बोलतात त्यातलं एक अक्षर कळत नाही. तिसऱ्या रविवारी पावणेपाचला सगळे उठल्यावर मी थर्मास घेऊन वर गेलो. ते खिडकीशी बसले होते. थर्मास उघडला तेव्हा लक्षात आलं, गडबडीत एकच कपबशी घेतलीय. स्वयंपाकघरातून दुसरी आणायला उठलो तर त्यांनी हाताने खूण करून बसवलं. कप माझ्याकडे सरकवला, बशी स्वतःकडे ओढली, आणि तीन बोटांवर धरून म्हणाले, "ओत."